पाचवीच्या वर्गातला आवाज

थोरली बहीण पाचवीला गणित शिकवायची. ती आजारपणात गेली आणि शाळेने वर्षाच्या मध्येच धाकटीला विचारलं. धाकटी घरी शिवणकाम करायची, पण शिक्षिकेचं प्रशिक्षण तिनेही घेतलेलं होतं. आई म्हणाली, "जा. घरात बसून भिंतींकडे किती बघशील?"

दोघींचे चेहरे अजिबात मिळत नव्हते. आवाज मात्र हुबेहूब. फोनवर तर वडिलांचीही कायम फसगत व्हायची.

पहिल्याच तासाला धाकटीने १.२५ आणि २.५ यांची बेरीज करायला सांगितली. पुढच्या बाकावरच्या मुलीने फळ्यावर येऊन दोन्ही पाच एकाखाली एक मांडले, उजवीकडून मिळवत गेली आणि उत्तर काढलं १.५०.

"अगं, सव्वात अडीच मिळवले आणि दीडच झाले? मधल्या मध्ये कुणी खाल्लं?"

वर्ग खिदळला. धाकटीही हसली आणि बोलून गेली, "आधी टिंबाखाली टिंब. मग बाकीचे आपोआप आपापल्या जागी बसतात. जागा रिकामी राहिली तर तिथे शून्य."

हसू एकदम थांबलं. खिडकीजवळची एक मुलगी मुसमुसायला लागली.

"काय झालं गं?"

"बाई असंच म्हणायच्या. अगदी असंच."

धाकटीच्या हातातला खडू तसाच राहिला. ते वाक्य तिचं नव्हतंच. लहानपणी स्वयंपाकघराच्या फरशीवर गणितं मांडून थोरलीनेच तिला शिकवलं होतं. ते कधी आपलं होऊन बसलं, तिला कळलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती आवाज बदलून बोलू लागली. खालच्या पट्टीत, थांबत थांबत. त्याने घसा बसला, आणि मुलांच्या डोक्यात काही शिरेना. खिडकीजवळची मुलगी तर डोळे मिटूनच बसायची. रागवायला म्हणून धाकटी जवळ गेली, तर ती पुटपुटली, "डोळे मिटले की बाई येतात. पण तुम्ही हल्ली हळू बोलता."

घरीही तीच गत. एका संध्याकाळी आई दाराकडे पाठ करून भाजी निवडत बसली होती.

"आतल्या खोलीत जा आणि मला हाक मार," ती म्हणाली.

"कशाला?"

"मार म्हणते ना. ती मारायची तशी."

धाकटी आत गेली. दिवा न लावताच उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "आई!"

बाहेरून "ओ" आली. इतकी सहज, इतकी खुशीची, की तिला लगेच बाहेर जाववेना. बाहेर गेली की आईला ती धाकटीच दिसणार होती.

सकाळी तिने वर्गात सरळ सांगून टाकलं, "मी तुमच्या बाईंची बहीण. आमचा आवाज एकच आहे आणि आता मी तो बदलणार नाही. कुणाला डोळे मिटायचे असतील तर मिटा. आकडे मांडताना तेवढे उघडा."

मुलं शिकली. खिडकीजवळच्या मुलीने अडीचच्या पुढे शून्य जोडलं आणि बरोबर पावणेचार आणले.

पुढच्या वर्षीच्या पाचवीला थोरलीने कधी शिकवलंच नव्हतं. त्या मुलांना तो आवाज धाकटीचाच. कुणी दचकत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. आता आपल्याला हलकं वाटेल, असं तिला वाटलं होतं. पण तो भरलेला वर्ग तिला भकास वाटायचा. मग मधल्या सुट्टीत ती उगाच सहावीच्या दारापाशी रेंगाळायची. जुनी मुलं पटांगणातून पळत यायची, "बाई, बाई" करत तिला घेरायची. ती एकेकाशी मुद्दाम मोठ्याने बोलायची.