सातव्या दिवसाचा उपास

नल्लकुंट्याच्या पद्मावतीबाईंना चळवळींवरच्या परिषदेचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांना वाटलं, पत्ता चुकला. वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, आणि जन्मात केलेली चळवळ म्हणजे एका दिवसाचं उपोषण. पण योगिनी ऐकेना. ही पुण्याची मुलगी इथल्या विद्यापीठात संशोधन करत होती. अडतीस वर्षांपूर्वी पद्मावतीबाई राहायच्या त्या अंबरपेठेतल्या गल्लीने नळासाठी साखळी उपोषण केलं, त्याची वही तिला कुठूनशी सापडली होती. रोज एका घरची एक बाई मांडवात दिवसभर उपाशी बसायची आणि संध्याकाळी वहीत सही करायची. सातव्या दिवशी सही पद्मावतीबाईंची. आठव्या दिवशी नळाला पाणी आलं.

आणि त्या सातव्या दिवशी पद्मावतीबाई जेवल्या होत्या.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, तेव्हा पोटात असलेल्या विकासलाही नाही. पाण्याचा विषय निघाला की गल्लीतल्या बायका ताठ व्हायच्या आणि यांची मान खाली जायची. आज मात्र खरं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच त्या ऑटोत बसल्या.

सभागृह थंडगार होतं. कानाला लावलेल्या यंत्रातून एक बाई इंग्रजीचं हिंदी करून सांगत होती, शेजारच्या खोलीत कुणी पोथी वाचावी तशा आवाजात. स्त्रीदेह, सत्ता, प्रतिकार. बिचाऱ्या बायकांनी पाणी मागितलं होतं. आपण एवढं सगळं केलं हे कळायला त्यांना एक परिषद लागली! ऐकता ऐकता पद्मावतीबाईंचे डोळे जडावले. खुर्च्या विरघळल्या, छत निळं झालं, हलू लागलं. मांडवाचंच कापड ते. त्यातून ऊन गळत होतं आणि ओळीने मांडलेल्या रिकाम्या घागरी, बायकांचे चेहरे, सगळं निळं दिसत होतं. भर दुपार. पोटात मळमळ. मग मागच्या कनातीतून गंगूचा हात आला आणि त्यांना आडोशाला घेऊन गेला.

गंगू भाजीवाली. ती गल्लीत राहायची नाही, म्हणून तिचं नाव वहीत नव्हतं. टोपलीतल्या मेथीखालून तिने फडकं काढलं. आत ज्वारीची एक भाकरी आणि कांदा.

"खावा गुपचूप. दोन जिवांच्या बाईनं कशाला परेशान व्हायचं?"

"आणि तू गं?"

"म्या घरून खाऊन आले की."

"आजी, आता तुम्ही," योगिनीने खांद्याला हात लावला. पडद्यावर वहीचं पान होतं, त्यावर त्यांची तिरकी सही. पद्मावतीबाई मराठीत बोलणार आणि योगिनी हिंदीत सांगणार, असं ठरलं होतं.

"मी त्या दिवशी उपाशी नव्हते," त्या म्हणाल्या. "गंगूने मला भाकरी दिली. अर्धी नाही, अख्खी खाल्ली मी."

योगिनीचा चेहरा उतरला. तिचा निम्मा निबंध याच सातव्या दिवसावर उभा होता. तरी तिने धीराने सगळं हिंदीत सांगितलं. कुणी हसलं, कुणी खोकलं. पद्मावतीबाईंना शरमेने घाम फुटला.

मागच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "और गंगू ने क्या खाया, अम्मा?"

"वो तो घर से..." पद्मावतीबाई बोलता बोलता थांबल्या. ती भाकरी गंगूची दुपारची शिदोरी होती. ती देऊन गंगू टोपली डोक्यावर घेऊन बरकतपुऱ्याकडे गेली होती, दिवेलागणीपर्यंत भाजी विकत फिरायला. अडतीस वर्षं त्या स्वतःचं पाप चघळत बसल्या, आणि गंगूच्या पोटाचा विचार एकदाही मनात आला नाही. त्यांना रडू आवरेना. गंगू जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

योगिनी हळूच म्हणाली, "आजी, निबंधातला सातवा दिवस खोडू का?"

"नक्को. उपास मोडला नाही गं तो." त्यांनी पदराने डोळे पुसले. "माझं नाव काढ, आणि तिथं गंगू लिही."