सात ठिकाणी पोर्तुगीज

इस्माईलभाई गेल्याचा निरोप सकाळी ऑफिसात मोबाइलवर आला. दफन सूरलाच, दुपारच्या नमाजानंतर. मस्कतहून लगेच निघालो असतो तर पोहोचलो असतो. काम आहे असं कळवलं. काम नव्हतं.

ते मूळचे रत्नागिरीकडचे. ओमानच्या किनाऱ्यावरच्या या सूर गावात लाकडी जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते, शिक्षण सातवीपर्यंत. उतारवयात त्यांना एका स्पॅनिश दर्यावर्द्याने झपाटलं. शिडांच्या काळात हा माणूस पोर्तुगिजांच्या जहाजावर चाकरीला होता. ओमानच्या किनाऱ्यावर गोडं पाणी कुठे मिळतं, खडक कुठे आहेत, याच्या नोंदी त्याने केल्या. त्या पोर्तुगिजांच्या नावावर राहिल्या आणि तो विसरला गेला. इस्माईलभाई त्याला 'आमचा तांडेल' म्हणत. जहाज दुसऱ्याचं, वाट दाखवणारा आपला. कोकणातल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. कारखान्यातले गाववाले मात्र चिडवत, "मियां, फिरंगी तो फिरंगी. त्यात कसला स्पॅनिश?" आमच्या किनाऱ्यावर फिरंगी म्हणजे पोर्तुगीजच.

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी त्याच्यावर लेख दिला. संपादन माझ्याकडे होतं, कारण मी मुंबईत वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. मस्कतचे किल्ले पोर्तुगिजांचे, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. लेखकाला न विचारता 'स्पॅनिश' सात ठिकाणी खोडून मी 'पोर्तुगीज' केलं. छापलेल्या लेखाचा अर्थ असा झाला, की एका पोर्तुगिजाचं श्रेय पोर्तुगिजांनी लाटलं. कारखान्यात तो मोठ्याने वाचला गेला, असं नंतर कळलं.

त्यांनी फोन केला. आवाज चढला नव्हता. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापा, एवढंच म्हणाले. मी इन्शाल्ला म्हणालो. इथे राहून आम्हाला ही सवय लागली आहे. तोंडावर नाही म्हणवत नसलं की इन्शाल्ला म्हणायचं. पुढच्या अंकात जागा नव्हती, असं मी त्यांना सांगितलं. जागा होती... दुरुस्तीखाली माझं नाव आलं असतं.

मग ते मस्कतमध्येच दार्सैतला माझ्या घरी आले. पुन्हा विचारलं. माझ्या तोंडून पुन्हा तेच गेलं. ते थोडं हसले.

"संपादकसाहेब, नाय बोलायचा असल तर नाय बोला. इन्शाल्ला म्हंजे आमच्यात हो असता."

मी चहा आणायला आत गेलो. तो अंक बाहेर टीपॉयवरच होता. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

त्यांच्या दफनानंतर, गेल्या आठवड्यात, मस्कतजवळ अल अमेरातला मंडळाच्या एका सभासदाकडे जेवायला गेलो होतो. तो अंक तिथे दिसला. सातही ठिकाणी निळ्या शाईने 'पोर्तुगीज' खोडून वर 'स्पॅनिश' लिहिलं होतं. वहिनींनी सांगितलं, की इस्माईलभाई मस्कतला आले की एकेकाकडे जायचे, चहा घ्यायचे आणि अंक मागायचे.

"तुमच्याकडे नाही आले?" त्यांनी विचारलं.

घरी येऊन माझी प्रत काढली. त्या लेखाच्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी दुमडला नव्हता. शब्द सातही तसेच होते. हे एक घर त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

दुरुस्ती खरोखर दोनच ओळींची आहे. लेखातला दर्यावर्दी स्पॅनिश होता. चूक लेखकाची नाही, संपादकाची आहे.