एकही टाका नको

हिनेवाईच्या घरी जायचं तर पायरीवर आडव्या पसरलेल्या कुत्र्यांना ओलांडून जावं लागतं. ती त्यांना हाकलत नाही. "त्यांचं घर आहे, पाहुणा तू," म्हणते आणि किटली चढवते. साठी उलटली, एक गुडघा कुरकुरतो, तरी रानडुकराच्या मागं डोंगर चढताना तिला गाठणं तरण्यांना जमत नाही. खोऱ्यात कुणी वारलं आणि मराएवर, म्हणजे वस्तीच्या सभाघराच्या अंगणात, पाहुणे जमायचे असले, की जमिनीतल्या भट्टीच्या खड्ड्यात शिजवायला डुक्कर आणायचं काम न सांगता तिच्याकडे येतं.

आधी ते काम तामातीचं होतं, तिच्या नवऱ्याचं. तो गेला तेव्हा बाई आता कुत्री विकणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पाहुणे पांगले आणि हिनेवाईनं दोन जोड मोजे चढवून तामातीचे बूट पायात घातले. त्या दिवशी आणलेलं डुक्कर तिनं घरात ठेवलं नाही. पहिली शिकार स्वतः खायची नसते. खोऱ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या दारात तिनं ते नेऊन ठेवलं आणि परत आली. त्यानंतर कुत्री विकण्याचा विषय कुणी काढला नाही.

तिच्या कुत्र्यांत कूमरा पुढची. रताळ्याच्या सालीसारखी तांबडी, म्हणून नावही रताळ्याचंच. बाकीची डुकराभोवती भुंकतात. कूमरा त्याचा कान धरते आणि माणूस पोचेपर्यंत सोडत नाही. अशा कुत्रीला सुळा लागायचाच, आज ना उद्या.

आणि सुळा लागला की राविरी. हा तामातीचा धाकटा भाऊ, दोन घरं पलीकडे राहणारा. जनावरांचा डॉक्टर डोंगरापलीकडच्या गावात, म्हणून फाटलेली कुत्री शिवायचं काम राविरीनं अंगावर घेतलं. मासे धरायची दोरी, वाकडी सुई, कपाळावर चष्मा. त्याचे टाके इतके एकसारखे पडत की लोक कुत्रं बरं झाल्यावरही त्याची कातडी वळवून पाहुण्यांना दाखवत. हिनेवाईची जुनी कुत्री रुरू हिलाही त्यानंच शिवलं होतं. शिवण बघण्यासारखी झाली होती. चार दिवसांत शिवणीखाली सूज आली, कुत्री तापली आणि गेली. शिवण तशीच होती, एक टाका सुटला नव्हता. हिनेवाई राविरीला एक शब्दही बोलली नाही. तिनं सगळी कुत्री गाडीत घातली आणि गाव गाठलं. तिथल्या डॉक्टर ब्रॉनविननी एकेक कुत्रं तपासलं आणि औषधांचा एक डबा दिला. अट एकच: आधी फोन करायचा, मग डबा उघडायचा.

फोनचीच पंचाईत होती. खोऱ्यात रेंज एकाच ठिकाणी येते, टेकडीवरच्या कबरस्तानात, वरच्या कोपऱ्यात, नेमकी तामातीच्या दगडापाशी. "मेल्यावरसुद्धा मोक्याची जागा पटकावली दादानं," असं राविरी म्हणायचा. तिथं कुत्रं न्यायचं नाही, खायचं काही न्यायचं नाही, आणि निघताना फाटकाच्या नळावर हात धुवायचे. यात कुणाला सूट नाही.

गेल्या हिवाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाला, आणि त्याच आठवड्यात कूमराला डुकरानं फाडलं. हिनेवाईनं तिला खांद्यावर घेतलं आणि ओढ्याच्या कडेनं खाली आणलं. खांद्यावरची कातडी फाटून लोंबत होती, आतलं लाल मांस दिसत होतं. तिनं वॉकीटॉकीवर आधीच कळवलं होतं, त्यामुळं अंगणात राविरी सुई उकळून तयार होता.

"ठेव इथं वहिनी. चहा होईपर्यंत शिवून देतो."

"सुई खाली ठेव."

"अगं, फाटलीय बघ केवढी!"

"दिसतंय मला. फोन घे, फोटो काढ, वर जा. डॉक्टर काय म्हणते ते मला वॉकीटॉकीवर सांग. मी हिला सोडून हलणार नाही."

"रस्ता बंद. डॉक्टर काय फोनमधून हात बाहेर काढणार आहे?"

"हात तुझे आहेत की. डोकं तिचं घेऊ."

राविरी पुटपुटत फोटो काढून गेला. कूमराचं डोकं मांडीवर घेऊन हिनेवाई बसली. बऱ्याच वेळानं वॉकीटॉकी खरखरली.

"वहिनी, डॉक्टर विचारते हिरड्या कशा आहेत. बोटानं दाबून सोड म्हणते."

हिनेवाईनं ओठ वर करून दाबलं. "गुलाबी आहेत. दाबलं की पांढरं होतं, लगेच रंग येतो."

"बरं म्हणाली. दुखण्यावर आपली गोळी दिलीस का म्हणते. माणसांची."

"दिली नाही."

"देऊ नकोस म्हणते, विष असतं ते." जरा थांबून तो म्हणाला, "मागं आमच्या काळूला मी दोन दिल्या होत्या."

"तिला सांगितलंस?"

"कशाला? काळू मेला त्याला वर्षं झाली." मग पुन्हा खरखर. "आता म्हणते, खांद्याचं राहू दे, पुढच्या पायाच्या मागं, बगलेत बघा. केस बाजूला करून. आणि तिथला फोटो हवाय."

"मग ये खाली."

"फोन माझ्याकडे, कुत्री तुझ्याकडे, मधे ही टेकडी. माझ्या गुडघ्यांचाही एक फोटो पाठवू का तिला?"

"ये लवकर. हात धुऊन ये."

तो येईपर्यंत हिनेवाईनं कात्रीनं बगलेतले केस कापले. मोठ्या जखमेकडे बघताना ही जागा दोघांनीही पाहिली नव्हती. केसांखाली एक भोक होतं, करंगळीचं टोक जाईल एवढं. रक्त जवळजवळ नव्हतंच. आत किती खोल गेलंय ते कळत नव्हतं. राविरीनं वाकून बघितलं. फोटो काढला आणि पुन्हा चढायला लागला. या वेळी तो पुटपुटला नाही.

"श्वास घेते तेव्हा भोकातून हवा येते का विचारते. बुडबुडे, फसफस?"

हिनेवाईनं कान जवळ नेला, भोकापाशी ओला हात धरला. "नाही. हवा नाही."

"मग नशीब म्हणते. फुप्फुसापर्यंत गेलं नसावं. आता ऐक. उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात मीठ, थोडंच. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पिचकारी करायची आणि दोन्ही जखमा धुवायच्या. खूप धुवायच्या. आत गेलेले केस, माती सगळं बाहेर येईपर्यंत. मग डब्यातली लाल टोपणाची बाटली. किती द्यायचं ते तिनं वजनावरून सांगितलंय, मी हातावर लिहून घेतलंय."

"आणि?"

"आणि ऊब द्यायची. पाणी पाजायचं."

"आणि?"

वॉकीटॉकी गप्प होती. हिनेवाईला राविरीची ती चुप्पी माहीत होती. लहानपणी वडिलांची होडी घेऊन समुद्रात गेला होता, तेव्हाही असाच गप्प बसला होता, असं तामाती सांगायचा.

"राविरी, टाक्यांचं काय म्हणाली?"

"वारा फार आहे वर. नीट ऐकू आलं नाही."

"कुठं उभा आहेस तू?"

"कुठं म्हणजे? नेहमीच्या जागी."

"दादाच्या शेजारी?"

"हो."

"मग त्याच्या शेजारी उभा राहून पुन्हा एकदा सांग मला, की ऐकू आलं नाही."

मग राविरीचा आवाज आला, बारीक झालेला.

"एकही टाका नको म्हणाली. खांद्यालाही नको, बगलेला तर मुळीच नको. सुळ्याबरोबर घाण आत जाते, वरून शिवलं की आत कोंडते. उघडं ठेवा, वाहू दे म्हणते. रोज धुवा. रस्ता सुटला की घेऊन या." मग जरा थांबून, "वहिनी, लोंबतंय गं ते. असं सोडायचं म्हणजे..."

"रुरूचा टाका सुटला नव्हता राविरी."

तो परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. हातावर लिहिलेलं तेवढं त्यानं जपून कोरडं ठेवलं होतं. त्यानं सुई उचलून डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडायला बसला.

दोघांनी मिळून कूमराला धुतलं. बगलेतल्या भोकातून आधी काळं पाणी आलं, मग केसांचा एक गोळा, मग डुकराच्या अंगावरचा चिखल. राविरी तो गोळा बोटावर घेऊन बघत राहिला. "हे सगळं मी आत शिवलं असतं," एवढंच म्हणाला.

रस्ता सुटेपर्यंत रोज हेच. सकाळी धुवायचं, फोटो काढायचा, राविरीनं वर चढायचं, खाली आवाज यायचा. मधे एक दिवस कूमरानं खाणं सोडलं आणि अंग तापलं. डॉक्टरनी औषध वाढवलं. हिनेवाई तिच्याशेजारीच चटई टाकून झोपली. शेजारणी म्हणाल्या, "कुत्र्यासाठी एवढं?" ती म्हणाली, "तुमच्या घरच्या भट्टीत हिनं धरलेलं डुक्कर किती वेळा गेलं, ते आठवा आणि मग विचारा." दुसऱ्या दिवशी कूमरानं उकडलेलं डुकराचं काळीज खाल्लं, तेही हिनेवाईच्या हातून नाही, राविरीच्या.

दरड हटली तेव्हा डॉक्टरनी कूमराला टेबलावर घेतलं, दोन्ही जखमा दाबून बघितल्या आणि म्हणाल्या, "आतून भरत येतंय. असंच चालू ठेवा." शिवण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

आता कूमराच्या खांद्यावर वाकडातिकडा, केस नसलेला व्रण आहे, चुरगळलेल्या पोत्यासारखा. ती पुन्हा डोंगर चढते, पुन्हा कान धरते. मराएवर कुणी तो व्रण बघून तोंड वाकडं केलं, की राविरी लगेच पुढं होतो. "ते माझं काम नाही हं," म्हणतो. "माझं असतं तर सुंदर झालं असतं." मग कूमराच्या पाठीवर हात ठेवतो. "आणि ही नसती."

परवा पलीकडच्या वस्तीवरचं एक कुत्रं फाटलं. माणूस धावत राविरीच्या दारात आला, सुई घेऊन चला म्हणाला. राविरीनं बूट चढवले, फोन आणि वॉकीटॉकी खिशात घातली आणि टेकडीकडे निघाला. जाता जाता हिनेवाईच्या पायरीवरच्या कुत्र्यांवरून ओरडला, "वहिनी, पाणी उकळायला ठेव गं!"

तिनं आधीच ठेवलं होतं.