बोनेटवरचा तांब्या

पाशामियाँ मिस्तरी इंजनाला हात लावायच्या आधी कान लावायचा. सोसायटीच्या शेडात लिंबाखाली गाडी उभी केली की लाकडी दांडक्याचं एक टोक इंजनावर टेकवायचा, दुसरं कानाला, अन् डोळे मिटायचा. मग डोळे न उघडताच म्हणायचा, "तिसरा लंगडतोय." प्लग काढला की खराब तिसराच निघायचा. जळकोटापासनं तुळजापुरापतोर लोक त्याच्या कानाची शपथ खायचे. त्यालाबी त्या कानाचा माज होता, खोटं कशाला सांगू.

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीकडं एक जुनी पेट्रोलची लॉरी होती. लढाईच्या काळातली, लिलावात घेतलेली. एरवी खताची पोती वाहायची, त्या साली पाण्याची पिपं वाहायला लागली. चालवायला आमच्या गावचा श्रीपती. बौद्धवाड्यातला पहिला पगारी माणूस. खाकी सदरा रोज धुतलेला, अन् देवळात शिरावं तसा वहाणा काढून लॉरीत चढायचा. बाप लहानपणीच गेलेला. आई भिमाबाईनं लोकांच्या रानात खुरपून त्याला वाढवलेला.

गावात पिपं आधी पारापाशी उतरायची, मग बौद्धवाड्यापुढं, अन् तिथनं लॉरी चढ चढून माळावरच्या वस्तीला जायची. बौद्धवाड्यापुढं लॉरी थांबली की भिमाबाई तांब्या भरून यायची. आमच्याकडं बैल दमून दारात आला की त्याच्या पायावर पाणी घालत्यात, पाव्हण्याच्याबी. म्हातारीनं तीच रीत लॉरीला लावली. तापलेल्या बोनेटवर आपल्या वाट्यातला एक तांब्या ओतायची. चर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची.

बाया म्हणायच्या, "मावशे, प्यायला न्हाय अन् लोखंडाला पाजतीस व्हय?"

"माझ्या लेकाचं जनावर हाय ते," म्हातारी म्हणायची. "दारात आल्यावर तसंच कसं जाऊ दिऊ?"

श्रीपती लाजायचा, पण खाली बघून हसायचा.

उन्हाळा चढला तशी लॉरी मिसिंग करायला लागली. रोज न्हाय, कवातरी. वस्तीच्या चढाला मधल्या वळणावर आली की इंजन ठसकायचं, एक ठोका खायचं, दुसरा खायचं, अन् मरायचं. घंटाभर झुलवल्यावर आपलं आपण सुरू व्हायचं. तवर वस्तीच्या बाया घागरी घेऊन उन्हात खाली उतरायच्या अन् श्रीपतीला फैलावर घ्यायच्या. "सासुरवाडीची वाट हाय का रं ही, हरवक्ती रुसायला?"

सोसायटीचे चेअरमन आबाराव. माणूस वाईट न्हाय, पण संशयाचा. त्यांनी श्रीपतीला शेडात बोलावलं.

"हितं घोड्यावानी पळती. चढावरच कशी मरती रं? पेट्रोल इकून रॉकेल घालतोस का?"

"टाकीचा वास घ्या की, आबा."

"वास घ्यायला मिस्तरी हाय."

पाशामियाँनं प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर उकलून धुतला, टाकी उपडी करून झाडली. पेट्रोल चोख होतं. पण चोर असला तरी शेडात येताना चोख भरूनच येणार, असं आबारावांचं म्हणणं. शेवटी ठरलं, तिघांनी मिळून लॉरीतनं जायचं.

त्या दिवशी आबाराव पुढं श्रीपतीशेजारी बसले. पाशामियाँ बाहेर मडगार्डवर, दांडकं घेऊन. बौद्धवाड्यापुढं लॉरी थांबली. भिमाबाई तांब्या घेऊन निघालेली, पण पुढं चेअरमन बसलेले बघून तिनं पदर ओढला अन् भरला तांब्या तसाच घेऊन भिंतीआड झाली. पाशामियाँनं ते बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. त्यात बघण्यासारखं काय होतं?

लॉरी चढ चढली. वळण आलं, गेलं. ठोका चुकला न्हाय.

माथ्यावर आबाराव म्हणाले, "बोल, मिस्तरी."

श्रीपती हळूच म्हणाला, "पाशाभाई, नीट ऐका. कायतरी असंल."

पाशामियाँनं दांडकं टेकवलं, डोळे मिटले. लई येळ ऐकलं. मग म्हणाला, "इंजनात खोट न्हाय."

तेवढ्यावर श्रीपतीची नोकरी गेली. त्याच्या जागी महांतप्पा आला. श्रीपती गेला अन् मिसिंगबी गेलं. महांतप्पाच्या हाताखाली लॉरी एकदाबी अडली न्हाय. मग कुणाला शंका उरती? हॉटेलात पोरंटोरं विचारायला लागली, "श्रीपती, रॉकेलाला काय भाव चाललाय?"

एकदा तो शेडात आला. लॉरीकडं बघितलं न्हाय. पाशामियाँपुढं उभा राहून म्हणाला, "तुमालाबी तसंच वाटतं का, पाशाभाई?"

"माझ्या वाटण्याचं काय घिऊन बसलास. इंजन बोललं."

श्रीपती गेला, तो परंड्याकडं विहिरीच्या कामावर. त्या साली जो तो पाण्यासाठी खडक फोडत होता. ड्रायव्हर म्हणून त्याला कुणी घेईना, म्हणून सुरुंगाच्या कामाला लागला. एक सुरुंग पेटवूनबी फुटला न्हाय. वाट बघितली, मग काय झालं बघायला श्रीपती खाली उतरला. तो उतरल्यावर फुटला.

त्याला आणायला आबारावांनी सोसायटीचीच लॉरी दिली. महांतप्पासंगं पाशामियाँ गेला. देह घरात न्यावा असा राहिलेला नव्हता. चादरीत बांधून आणला अन् ठरलं, दारापुढं थोडं थांबायचं अन् तसंच वर न्यायचं. वाड्याचं मसणवटंबी त्याच चढाच्या माथ्यावर होतं.

लॉरी बौद्धवाड्यापुढं थांबली. बाया भिमाबाईला धरून बसल्या होत्या. ती उठली, आत गेली अन् तांब्या भरून आली. कुणी आडवं गेलं न्हाय. बोनेटपाशी उभी राहिली.

"तापून आली असंल," म्हणाली, अन् तांब्या ओतला.

लॉरी निघाली. मागनं सगळं गाव. मीबी होतो त्यात. मधल्या वळणावर इंजन ठसकलं, एक ठोका खाल्ला, दुसरा खाल्ला, अन् बंद पडलं.

महांतप्पा घाबरून खाली उतरला. माणसांनी थोडा येळ वाट बघितली, मग श्रीपतीला खांद्यावर घेतलं अन् चढ चढायला लागली. पाशामियाँ गेला न्हाय. त्यानं कुणाचंतरी घोंगडं मागून घेतलं, बोनेट उघडलं, अन् अंधार करायला डोक्यावरनं घोंगडं ओढून इंजनावर वाकला. महांतप्पाला म्हणाला, "हँडल मार."

डिस्ट्रिब्युटरची काळी कॅप असती, जिथनं सगळ्या प्लगांना करंट वाटला जातो. तिच्यावर केसाएवढी चीर होती. चिरीत पाणी शिरलेलं, अन् त्या ओलीवरनं निळा करंट भलतीकडंच पळत होता. पाणी बोनेटच्या फटीतनं कवा आत गळायचं, कवा बाहेरनंच वघळून जायचं, म्हणून खोड रोजची नव्हती. सपाटीला इंजन कसंबसं वढायचं, चढाला हार खायचं. अन् उष्णतेनं वाळलं की पुन्हा चोख. कोरड्या कॅपची चीर ना डोळ्याला दिसायची ना कानाला ऐकू यायची. पाऊस असता तर पहिल्याच सरीला सापडली असती. पण त्या साली पाऊस नव्हता. बोनेटवर पाणी पडावं अशी साऱ्या मुलखात एकच जागा होती, अन् श्रीपतीची नोकरी गेल्यापासनं तिथलाबी तांब्या बंद होता.

माती देऊन माणसं परत उतरली तवा लॉरी सुरू झालेली होती, अन् पाशामियाँ घोंगडं तसंच डोक्यावर घेऊन रस्त्याकडंला बसला होता.

दुसऱ्या दिवशी पारावर, आबारावांपुढं, सगळ्या गावापुढं त्यानं ती कॅप ठेवली. "खोट व्हती. माझ्या हातनं सुटली. श्रीपतीनं कायबी केलं न्हवतं." पाण्याचं बोलला न्हाय. आबारावांनी कॅप हातात घेतली, उलटी-सुलटी केली, खाली ठेवली अन् उठून घरी गेले.

भिमाबाई मागं बसली होती. तिनं विचारलं, "मग पाशा, आबा बसले त्या दिशी कशी न्हाय अडली?"

पाशामियाँनं खाली ठेवलेली कॅप उचलली. मग म्हणाला, "इंजनाला लहर असती, मावशी."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "लहरच म्हणायची."

खरं काय ते त्यानं मला सांगितलं, पण म्हातारी वारल्यावर. तवर बायकोलाबी सांगितलं नव्हतं. दांडकं त्यानं त्याच आठवड्यात चुलीत घातलं होतं. पुढं कुणी "जरा ऐकून सांगा" म्हणालं की म्हणायचा, "उघडून बघू."

पारावरल्या त्या दिवसानंतर थोड्याच दिवसांत नवी कॅप आली. पाशामियाँनं सायकलीच्या ट्यूबचा तुकडा कापून तिच्यावर घट्ट बसवला, थेंब आत जाणार न्हाय असा. अन् एक दिवस स्वतः लॉरीसंगं येऊन म्हणाला, "मावशी, पाणी घालत जावा की. बंद का केलं?"

तवापासनं म्हातारी पुन्हा तांब्या घेऊन यायला लागली. महांतप्पा मान खाली घालून थांबायचा. ती बोनेटवर पाणी ओतायची, अन् लॉरी निघाली की तिथंच उभी राहून ऐकायची. वळण यायचं, जायचं. आवाज माथ्यावर पोचून पलीकडं विरला की रिकामा तांब्या पदराला पुसत म्हणायची, "आता कशी बरी चालती."

पाशामियाँ लॉरीत असला की त्या दारापुढं खाली उतरायचा न्हाय.