पडत्या भावाचं घर

नोकरीतल्या बहुतेक गुन्ह्यांची आता डोक्यात सरमिसळ होते. कोणता पंचनामा कुठल्या गावचा, हेही सांगता येत नाही. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते. बहात्तरच्या दुष्काळातली. आता ज्याला धाराशिव म्हणतात त्या उस्मानाबाद जिल्ह्यात, परंडा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी मी फौजदार होतो.

गाव निम्मं रिकामं झालं होतं. कोणी पुण्या-मुंबईकडे गेलेले, कोणी खडी फोडायला दुष्काळी कामावर. ज्याला परत यायचं नव्हतं तो घर विकायला काढी, आणि घ्यायला कोणी नसे. त्यामुळे भाव बाजारागणिक उतरत होता. आज जी किंमत ऐकून मालक चिडायचा, तीच किंमत द्या म्हणून तो महिन्याभरानं स्वतः फिरायचा. त्या वर्षी पडेल भावात घर मागणं हा रोजचा व्यवहार होता, त्याबद्दल कोणी कोणाला नाव ठेवत नव्हतं.

वरच्या गल्लीत एका विधवा बाईंचं घर होतं. सगळे त्यांना काकू म्हणत. नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं; तो गेल्यावर ते बंद पडलं. एकुलती एक मुलगी कुर्डुवाडीला दिलेली. घर दगडमातीचं, साधंच. पण मागच्या अंगणात आड होता आणि अशा सालातही त्याला पाणी होतं. सकाळी सगळी गल्ली तिथं पाणी शेंदायला येई. काकूंनी कोणाला अडवलं नाही.

काकूंना लेकीकडे जायचं होतं. शेजारी सहकारी सोसायटीचा चेअरमन राहायचा. तो म्हणायचा, "काकू, घाई करू नका. घर आमीच घेऊ." असं म्हणत त्यानं दिवाळी घालवली, संक्रांत घालवली. भाव पडतच होता आणि त्याला थांबणं परवडत होतं. अशात गुरांच्या सरकारी दवाखान्यातला, जखमांची मलमपट्टी करणारा ड्रेसर काकूंच्या दारात आला. बौद्ध समाजातला माणूस, पगारदार, गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा. त्यानं किंमत सांगितली ती कमीच होती. काकूंनी वाढवून मागितली, तो थोडा चढला. सौदा ठरला, इसार दिला गेला.

त्यानंतर काही दिवसांतच चेअरमन गल्लीतले चार-पाच जण घेऊन ठाण्यात आला. आडाच्या तळाशी पोतं दिसलं होतं आणि पाण्याला मेल्या जनावराची घाण येत होती.

"साहेब, हे त्या ड्रेसरचंच काम," तो खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला. "आधी मातीमोल भाव केला, आता आड नासवून तो अजून पाडायचा डाव. मेलेली जनावरं त्याच्या हाताखालनंच जातात की."

ठाणे अंमलदारानं फिर्याद लिहून घेतली. मी जमादाराला घेऊन पंचनाम्याला गेलो. गळ टाकून पोतं वर काढलं. तोंड सुतळीनं बांधलेलं, आत कुत्र्याबरोबर दोन धोंडे. अंगणात बायका उभ्या होत्या. एक बाई रिकामी घागर पोटाशी धरून खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. घरात कोणी गेलं की बायका रडतात, तशी. पुरुष मात्र पाण्याबद्दल बोलतच नव्हते. ते ड्रेसरबद्दल बोलत होते, त्यानं केलेला भाव म्हणजे लूट म्हणत होते.

ड्रेसरला बोलावणं पाठवलं. तो ड्युटीच्या खाकी कपड्यांवरच आला. बस म्हटलं तरी उभा राहिला.

"घर कमी किमतीत मागितलंस?"

"मागितलं, साहेब. सगळेच तसं मागायला लागलेत. काकूंना मी सांगितलं होतं, दुसरा कुनी जास्त देत आसंल तर त्याला द्या, माझा राग न्हाई."

"मग आडात कुत्रं कोणी टाकलं?"

"ते मला म्हायीत न्हाई. पण साहेब, भाव ठरलाय, इसार झालाय. आनि मी ते घर कशासाठी घेत होतो? माझी बायको दोन कोसांवरनं पाणी आनती. त्या आडासाठी घेत होतो. माझ्याच लेकरांच्या पाण्यात मी मेलेलं टाकीन व्हय?"

त्याचा आवाज चढला नव्हता. जमादार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, थोडा प्रसाद दिला की बोलंल." मी त्याला बाहेर पाठवलं. खोटं बोलणारा माणूस आपली बाजू फुगवून सांगतो. या माणसानं विचारलं तेवढंच सांगितलं होतं. जबाब घेऊन मी त्याला सोडलं. संध्याकाळपर्यंत गावात बोलणं सुरू झालं, की फौजदार ड्रेसरच्या लोकांकडचा आहे.

दुसऱ्या दिवशी काकूच ठाण्यात आल्या. पदर सावरत दारातच उभ्या राहिल्या. मी उठून त्यांना आत बसवलं.

"सायेब, म्या कुनाचं नाव घेत न्हाई. पर एक सांगती. त्या दिवशी सकाळी समद्या बाया घागरी घिऊन आल्या. पोतं दिसलं, बोंब झाली. शेजारच्या घरचं मातर कुनीच पान्याला आलं नव्हतं. रोज पहिला नंबर त्यांचा आसतो."

मी चेअरमनच्या घरी गेलो. तो सोसायटीत गेलेला होता. त्याच्या सुनेनं बसायला घोंगडी टाकली आणि न मागता पाण्याचा तांब्या आणला. तो काठोकाठ भरलेला होता. त्या दिवसांत पाहुण्याला पाणी अर्धं भांडं देत. माझी नजर अंगणात गेली. रांजण भरलेला, हंडे भरलेले, गुरांची दगडी डोणसुद्धा तुडुंब. गल्लीत बाकी सगळे टँकरची वाट पाहत होते.

"पाणी बरंच साठवलंय," मी म्हणालो.

"मामंजींनी सांगितलं व्हतं," ती साधेपणानं म्हणाली. "आड आटायला लागलाय, आज सांजच्यालाच समदं भरून ठेवा म्हनले."

"आज म्हणजे कधी?"

"पोतं दिसलं त्याच्या आदल्या दिशी." एवढं बोलली आणि तिला कळलं आपण काय बोललो ते. तिचा चेहरा उतरला. मी पुढं एक शब्द विचारला नाही.

चेअरमनच्या सालगड्याला ठाण्यात आणलं. त्याच्यावर हात टाकावा लागला नाही. भिंतीला टेकून तो खाली बसला. मी विचारलं, "तुझ्या घरी पाणी कुठलं?" तेव्हा त्याचे डोळे भरले.

"तितलंच, सायेब. माजी बायकू बी तितनंच घागर नेती. मालक म्हनले टाक, म्या टाकलं. न्हाई म्हनलो आसतो तर ह्या सालात लेकरं कुटं न्यायची?"

पंचांसमोर त्यानं पोतं आडात सोडलेली दोरी आणि उरलेली सुतळी काढून दिली. मग मी चेअरमनला बोलावलं. त्याला वाटलं होतं तपास कुठवर आला ते सांगायला बोलावलंय. सालगड्याचा जबाब ऐकल्यावरही तो घाबरला नाही. पान तोंडातून खिडकीबाहेर थुंकून शांतपणे म्हणाला, "फौजदारसाहेब, पाण्याचं काय घेऊन बसलात? टँकर येईल, पाऊस येईल. गल्लीत एकदा ते लोक शिरले म्हंजे मग निघत न्हाईत."

"आणि तुमच्या शेजारणी काय पिणार होत्या?"

"त्यांना विचारा. एक तरी माझ्याविरुद्ध बोलती का बघा."

त्याला आपली गल्ली माझ्यापेक्षा जास्त माहीत होती. अटक केली, अस्पृश्यतेच्या कायद्याचं कलमही लावलं, दोषारोपपत्र वेळेत पाठवलं. कोर्टात दोन्ही पंच फिरले. सालगड्यानं पोलिसांनी धमकावून बोलायला लावल्याचं सांगितलं. सून माहेरी गेली होती, तिला समन्स लागलंच नाही. घागर पोटाशी धरून रडलेली बाई म्हणाली, मला काही आठवत नाही. एकट्या काकू शेवटपर्यंत आपल्या शब्दावर राहिल्या. संशयाचा फायदा देऊन चेअरमनला सोडण्यात आलं.

निकालाच्या बऱ्याच आधी आड उपसून स्वच्छ केला होता, पाणी शुद्ध करायचं पोटॅश टाकलं होतं. काकू ड्रेसरकडे गेल्या. ठरल्यापेक्षा कमी घे, पण घर घे म्हणाल्या. त्यानं नकार दिला. ही गोष्ट त्यानंच मला नंतर सांगितली.

"काकू, घर तुमचं चांगलं हाय," तो त्यांना म्हणाला होता. "पर रोज सकाळी पोहरा सोडायच्या आधी बायकोला आत वाकून बघावं लागंल. तसं जगनं नको."

इसार परत करताना काकूंनी त्याच्यापुढं हात जोडले. पुढं त्यानं बदली मागून घेतली.

नासलेल्या आडाचं घर म्हणून मग कोणी फिरकलं नाही. शेवटी चेअरमनच्या पुतण्यानं ते घेतलं. ज्या किमतीला सगळी गल्ली लूट म्हणाली होती, त्याहून बऱ्याच कमी किमतीत. या वेळी लूट म्हणायला कोणी पुढं आलं नाही.

तपास करताना मी हे प्रकरण जातीचं समजलो होतो. खरेदीखताची बातमी कळली तेव्हा वाटलं, आपण अर्धंच ओळखलं. चेअरमनला ड्रेसर शेजारी नको होता हे खरं, पण घर त्याला हवंच होतं. जातीचं नाव पुढं केल्यावर गल्ली गप्प बसली आणि त्या गप्प बसण्यात त्यानं आपला सौदा उरकला. तेव्हापासून फिर्यादी गुन्ह्याआधी गुन्हेगाराचं नाव सांगायला लागला की मी त्याच्या घरापासून तपास सुरू करायचो. बरेचदा उपयोग झाला.

 पण टाकणाऱ्याला लावायला कलम होतं, पाहत राहणाऱ्यांना नव्हतं. ज्यांच्या तोंडचं पाणी त्यानं नासवलं, ते त्याच्याच बाजूनं कोर्टाच्या आवारात उभे होते. माझी बदली होण्याआधी सोसायटीची निवडणूक झाली. बंदोबस्ताला मीच होतो. चेअरमन बिनविरोध निवडून आला आणि त्याच्या गळ्यात पहिला हार गल्लीच्या लोकांनी घातला.