मी बुद्धाला आंघोळ घातली

हसणार नसाल तर सांगतो. म्हणजे हसालच तुम्ही, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. त्या दिवशी माझ्या हातून जे झालं, ते आठवलं की अजून माझी कानशिलं गरम होतात!

तेव्हा मी मंगळवेढ्याहून सोलापुरात मास्तर म्हणून नवाच आलो होतो आणि शहराबाहेरच्या एका मळ्यात राहत होतो. साधा मळा नव्हे हो! गिरणीतले कामगार, विणकर, शेतकरी, सगळ्या जातींची माणसं तिथं एकत्र राहायची, एकाच चुलीवरचं जेवायची, कामं पाळीपाळीनं करायची. शहरातले लोक नाक मुरडून आम्हाला ‘एकचुलीवाले’ म्हणायचे. हे सगळं उभं केलं तात्यांनी. तरुणपणी ते रंगूनला भातगिरणीत होते. येताना तिथून हातभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती घेऊन आले. ती मधल्या खोलीत असायची. संध्याकाळी सगळ्यांनी तिच्यापुढं गप्प बसायचं. पूजा नाही, आरती नाही, काही नाही.

आता मी पडलो मंगळवेढ्याचा! आमच्या घरी देवाला रोज आंघोळ. आणि सणाला चिंच लावून असा घासायचा, की देवानं स्वतःला ओळखू नये. आणि हा बुद्ध? कुठं काळा, कुठं पिवळा, गुडघ्यावर कसले पापुद्रे, खांद्यावर कसले थर. मला रोज वाटायचं, एवढी माणसं राहतात, एकालाही लाज नाही?

आणि माझी पाळी आली. बाकीचे सगळे नवी पेठेत बाजाराला निघाले होते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गौराक्का जाता जाता म्हणाल्या, “मास्तर, खोली तेवढी झाडा. मूर्तीवर नुसतं फडकं मारा की.”

नुसतं फडकं! म्हटलं थांबा, आज तुम्हाला स्वच्छता म्हणजे काय ते दाखवतो.

मूर्ती उचलली, विहिरीवर नेली. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन जो घासायला बसलो! पापुद्रे काही सुटेनात. मग मीही इरेला पेटलो. नखानं खरवडलं, कानामागचं काढलं, बोटांच्या बेचक्यातलं काढलं. पाण्यावर पिवळा चुरा तरंगायला लागला. केवढा हा मळ! ते पाणी मी दोडक्याच्या वेलाला ओतलं आणि लखलखीत बुद्ध जागेवर नेऊन ठेवला.

माणसं परत आली ती खोलीच्या दारातच थबकली. मला वाटलं, भारावली!

“कसा दिसतोय?” मी छाती काढून विचारलं.

“अय्यो मास्तर!” नरसय्या विणकरानं डोक्याला हात लावला.

“अहो, त्यात काय एवढं!” मी लाजलो.

तेवढ्यात गौराक्का मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. काय ही भक्ती! मलाही गहिवरून आलं.

“अक्का, रडू नका. दर महिन्याला घासत जाईन मी!”

तात्या अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्तर, त्ये पाणी कुटं टाकलं?”

“दोडक्याला. का?”

“सोनं हुतं त्ये.”

मग कळलं. रंगूनकडं मूर्तीला सोन्याचा वर्ख चिकटवायची रीत. मळ्यात जो कायमचा राहायला यायचा, तो आपल्या हातानं एक वर्ख लावायचा. खांद्यावरचा नरसय्याचा. गुडघ्यावरचा गौराक्कांच्या चंद्रीचा, कारण पोरीचा हात तेवढाच पोचायचा. चंद्री पुढं तापात गेली. तिची एवढी एकच खूण मळ्यात उरली होती, आणि ती मी नखानं खरवडून काढली होती.

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना? त्या दिवशी तिनंही घेतलं नाही मला.

सगळा मळा ताटं, पराती घेऊन दोडक्याखाली गुडघे टेकून बसला. चिखल धुतला, पुन्हा धुतला. हाती लागले चिंचोके. अक्कांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

मी गुपचूप गाठोडं बांधलं. तात्या दारात आडवे आले.

“कुटं निघाला?”

“तात्या, मी हितं राहायच्या लायकीचा नाही.”

“न्हाय, त्ये खरंच हाय. पण आज समदे बाजाराला कशापायी गेलतो, ठाव हाय का?” त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत सोन्याचा वर्ख. माझ्यासाठी आणलेला!

“मला नको, तात्या.”

“लावा की! आता जागाच जागा हाय.”

मी वर्ख हातात घेतला. पण कुठं लावू ते कळेना. मागून गौराक्का म्हणाल्या, “गुडघ्यावर लावा, मास्तर.” मी लावला आणि पोरासारखा रडलो.

बाकीच्यांनी पुन्हा वर्ख लावला नाही. तात्यांचं म्हणणं, एकदा दिलं ते दिलं. त्यामुळं पुढं कितीतरी दिवस त्या अख्ख्या बुद्धावर सोनं होतं ते एकट्या माझंच.

एकदा पुण्याचे पाहुणे आले. गुडघ्यावरचं ते सोनं बघून कौतुकानं म्हणाले, “इतक्या माणसांत एकट्या मास्तरांनीच सोनं वाहिलं? मोठे भाविक दिसतात!”

भाकरी थापता थापता गौराक्का म्हणाल्या, “व्हय की, लई भाविक. दुसऱ्या कुणाचं म्हणून ठिवलं न्हाय त्यांनी!”