सान लिनोची धावपट्टी

त्रिनिदाद गावाच्या विमानतळावर वैमानिक आदेमार हुस्तिनियानोला सगळे मास्तर म्हणत. पावसाळ्यात बेनी प्रांतातले रस्ते बुडाले की गुरांच्या वाड्यांवर छोटं विमानच जातं, आणि वाडीवाले रेडिओवर आदेमारलाच हाक मारत. रूदी मेल्गार हा नवा वैमानिक आल्यापासून मात्र आधी रूदीची चौकशी व्हायची. रूदीला उडवायला शिकवलं होतं आदेमारनेच. रूदीची चौकशी कानावर आली की आदेमार कॉफी अर्धीच टाकून उठे.

सान लिनो वाडीवरून निरोप आला, तेव्हा तो तापाने फणफणून झोपाळ्यात पडला होता. तिथल्या मुकादमाच्या मुलीला साप चावला होता.

"तुला धड बसता येत नाही," बायको एर्लिंदा म्हणाली. "रूदी रिकामा आहे, त्याला जाऊ दे."

"त्याला तिथली पट्टी माहीत नाही."

"मग सांग ना त्याला."

आदेमार झोपाळ्यातून उठला. बूट चढवले आणि निघाला.

विमानाजवळ रूदी उभाच होता. "मास्तर, डोळे लाल झालेत तुमचे. मी जाऊ का?" तो इतक्या अदबीने बोलला की आदेमारला ते जास्तच झोंबलं. तो चढला, इंजिन सुरू केलं. समोरच्या तबकड्यांवरचे आकडे एकमेकांत मिसळत होते. येताना मागे ती पोर झोपवलेली असेल आणि पुढे आपण असे. त्याने इंजिन बंद केलं.

विमानातून खाली उतरणं एक वेळ जमलं. पण सान लिनोच्या पट्टीचं उत्तरेकडचं टोक वरून हिरवंगार दिसतं आणि खाली नुसता चिखल असतो, हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणा वैमानिकाला ठाऊक नव्हतं. न सांगितलं तर? रूदीची चाकं रुततील, आणि लोक म्हणतील, मास्तरच हवे होते. क्षणभर हा विचार त्याला गोड वाटला. मग त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"रूदी," त्याने हाक मारली. "हिरव्या गवतावर उतरू नकोस. आंब्यांच्या बाजूने उतर आणि गोठ्याच्या अलीकडे थांब."

दुपारी रूदी मुलीला आणि तिच्या आईला घेऊन परतला. दवाखान्यात मुलगी वाचली. तिची आई रूदीचे दोन्ही हात धरून रडत होती. घोंगडी पांघरून बसलेल्या आदेमारकडे तिचं लक्षही गेलं नाही. वर रूदीने सगळ्यांना सांगितलं, मास्तरांनी जागा दाखवली म्हणून उतरलो. आदेमार मनातून आणखीच पेटला, कारण मनाचा मोठेपणाही रूदीच्याच नावावर जमा झाला.

पुढे मुलीच्या धाकट्या भावाच्या बाप्तिस्म्याला धर्मपित्याचा मान रूदीला मिळाला. आदेमारलाही बोलावणं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला, सुकवलेल्या मांसाचा भात दोनदा वाढून घेतला.

"अजून जळतोयस?" एर्लिंदाने हळूच विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि ताटातलं तळलेलं केळं खात राहिला.